तीन पेडलचं स्टेअरिंग

प्रेमानंदमामांनी फोनवर गेमिंग कॉम्प्युटर म्हटलं तेव्हा मला वाटलं, शेजारच्या कुणाच्या तरी मुलासाठी विचारत असतील. मामा चोपन्न वर्षांचे. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, एक उदगीरला, एक पुण्याला. हळ्ळीखेडच्या घरात मामा आणि मंगलमामी दोघंच. म्हणून मी विचारलं, कुणासाठी हवाय. मामा म्हणाले, त्यात बसची गेम नीट चालली पाहिजे आणि सगळं मिळून सत्तर हजारांच्या आत बसलं पाहिजे. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी कलबुर्गीला असते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. माझा कॉम्प्युटर मी सुटे भाग आणून स्वतः जोडलाय, आणि तेवढ्यावर नात्यागोत्यात कुणाचाही मोबाईल बिघडला तरी फोन मलाच येतो.

रविवारी यादी घेऊन हळ्ळीखेडला गेले. मामा अजून डेपोतून यायचे होते. मामी भाकरी थापत होती. तिच्याकडून मला सगळं कळलं.

मामांनी सव्वीस वर्षं बस चालवली. त्यात एकदाही गाडीला ओरखडा नव्हता. दोन वर्षांपूर्वी स्टँडवर गाडी मागं घेताना मागचा डावा कोपरा खांबाला लागला. पंधरा दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा डावाच. कुणाला इजा झाली नाही. मामांनी तेव्हा ते आपल्या हाताची चूक म्हणून लिहून दिलं. पुढे सहा महिन्यांनी तपासणीत कळलं की त्यांच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे आणि निम्म्याहून जास्त नजर गेलीय. उजवा डोळा चांगला होता. पण बस चालवणं सुटलं. डेपोच्या फाटकावर बसून गाड्या आत-बाहेर झाल्याच्या वेळा लिहायचं काम मिळालं. नजर नेमकी केव्हापासून जायला लागली, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. म्हणजे खांबाला गाडी लागली तेव्हा डोळा गेलेला होता की नव्हता, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे डोळ्याला दोष देत होते, पण मामांना ते पटत नव्हतं.

आता डेपो मॅनेजर रेवणसिद्धप्पा त्यांच्या मागे लागले होते. नवे ड्रायव्हर भरती झालेत, त्यांना आवारात गाडी मागं घ्यायला शिकवा, तुम्ही खाली उभे राहून नुसतं सांगा. मामांनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली होती.

“ज्याचा हात गेला त्यानं पोरांना काय शिकवायचं, असं म्हणायलेत,” मामी म्हणाली. “आन् आता हे गेमचं खूळ. दोन पोरींची लग्नं करून दिली, मग ह्यांचं खेळायचं वय आलं.”

मामा आले. जयभीम झालं, चहा झाला. मी यादी वाचून दाखवली. ती करताना मी नेहमीच्या पद्धतीनं गेले होते. दर हजार रुपयांमागे सेकंदाला किती चित्रं मिळतात, हे प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी काढायचं, सगळ्यात चांगलं निघेल ते घ्यायचं आणि बाकीचे भाग त्याला साजेसे ठरवायचे. मामीचं ऐकल्यावर एक भाग तर मला जास्तच योग्य वाटायला लागला होता. मी बत्तीस इंची, वक्र, रुंद स्क्रीन धरली होती. एका डोळ्यानं पाहणाऱ्याला मोठी स्क्रीन बरी पडेल असा माझा हिशोब. ती आणि कार्ड मिळून निम्म्याच्या वर पैसे खात होती. स्टेअरिंगसाठी पाच हजारांचं साधं खेळण्यातलं मॉडेल बसत होतं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, स्टेअरिंगला पेडल किती. मी म्हटलं दोन, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. गिअर आपोआप पडतात.

“क्लच न्हाई?”

“लागत नाही मामा.”

“क्लच न्हाई तर मग गाडी मी चालवली असं कसं म्हणायचं?” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. जेवताना कॉम्प्युटरचा विषय निघाला नाही. निघताना मामीनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की आता राहू दे, त्यांचं मन उतरलंय.

बस पकडून परत येताना माझ्या लक्षात आलं की मी चुकीची गोष्ट मोजली होती. मामांना खेळायचं नव्हतं, हात गेला की डोळा, हे तपासायचं होतं. आणि एका डोळ्यानं स्क्रीनवर काय दिसतं, हे मी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मी डाव्या डोळ्यावर कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावली. आधी पेनाचं टोपण हात लांब करून बसवायचा प्रयत्न केला. दहापैकी सात वेळा हुकलं. तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, ते टेबलावर गेलं. मग कॉम्प्युटरवर बसची गेम लावली आणि गाडी मागं घेऊन दोन खांबांच्या मधे उभी करायला बसले. दोन्ही डोळे उघडे ठेवून दहा वेळा, एक डोळा झाकून दहा वेळा. दोन डोळ्यांनी तीनदा जमलं, एका डोळ्यानं चारदा.

नंतर विचार केला तर यात नवल काहीच नव्हतं. खरा खांब किती लांब आहे हे आपल्याला कळतं, कारण दोन डोळ्यांना तो किंचित वेगवेगळा दिसतो. स्क्रीन सपाट असते. दोन्ही डोळ्यांना तेच चित्र दिसतं, दुसरा डोळा त्यात भर घालत नाही. डाव्या बाजूचंही तसंच. एका बाजूला दोरी ताणून आणि कोनमापक धरून मी मोजलं. उजव्या डोळ्याला डावीकडे साधारण साठ अंशांवर नाक आडवं येतं. माझी स्क्रीन सत्तावीस अंशांवरच संपते. रस्त्यावर मामांच्या नजरेचा जो भाग गेला होता तो स्क्रीनवर कुणालाच मिळत नाही. गेममध्ये सगळ्यांना बटण दाबूनच आरसा बघावा लागतो. स्क्रीनसमोर आपण सगळेच एका डोळ्याचे.

मोठ्या स्क्रीनचा काही उपयोग नव्हता. ती मी दयेपोटी धरली होती. मी ती काढली आणि चोवीस इंची साधी घेतली. बसची गेम काही पळापळीची नाही, सेकंदाला साठ चित्रं मिळाली की पुरे, म्हणून कार्डही एक पायरी खालचं, वापरलेलं पण वॉरंटी शिल्लक असलेलं धरलं. असे वाचलेले पैसे एकाच ठिकाणी लावले. तीन पेडलचं स्टेअरिंग, आणि त्याच्यासोबत हातानं टाकायचा गिअर.

फोन करून मामांना हे सगळं सांगितलं. पेनाचं टोपणसुद्धा.

“म्हंजे तिथं डोळ्याचं निमित्त चालणार न्हाई,” ते म्हणाले.

“नाही.”

“तिथं बी खांबाला लागली तर हातच गेला म्हणायचं.”

मामांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाले, मग तेच आण.

सुटे भाग मी आमच्या इथल्या कल्लप्पाच्या दुकानातून घेतले. कल्लप्पा माणूस चांगला, पण त्याच्या दुकानात सगळं लाल-निळं लुकलुकतं. मी बिनलाईटची कॅबिनेट मागितली तेव्हा त्याला वाईट वाटलं. “अक्का, लाईट नसली तर ह्याला गेमिंग म्हणून कोण ओळखंल?” आणि मग स्टेअरिंगचा डबा उचलून हातानं त्याचं वजन अजमावत म्हणाला की सगळ्या कॉम्प्युटरपेक्षा हेच महाग घ्यायलीस, असं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. पॉवर सप्लायच्या बाबतीत मात्र आमचं एकमत झालं. हळ्ळीखेडला शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कसं पडतं हे त्यालाही ठाऊक होतं, त्याची बहीण तिकडेच दिलेली. तिथं आम्ही पैसे वाचवले नाहीत.

पुढच्या रविवारी जोडणी केली. घरातलं टेबल स्टेअरिंग फिरवताच डुलायला लागलं, तेव्हा मामीनं आपलं शिलाई मशीन बाजूला ठेवून त्याचं लोखंडी टेबल मोकळं करून दिलं. पेडल फरशीवर घसरत होती, त्यांच्यामागे भिंतीला टेकवून लाकडी फळी लावली. मामा खुर्चीची उंची जुळवण्यात वीस मिनिटं रमले. खाली उशी, मग उशी काढून घडी घातलेलं पोतं. स्टेअरिंग हातात धरून ते पहिल्यांदा हसले. एवढंसं चाक, म्हणाले, हे तर लुनाला बी लहान पडंल.

गेममधल्या आवारात दोन खांब, मधे जागा, गाडी मागं घ्यायची. पहिल्या तीन वेळा गाडी बंदच पडली, कारण क्लच फार हलका होता आणि मामांचा पाय जुन्या गाडीच्या सवयीचा होता. मग ती मागे जायला लागली आणि मामा उजवीकडे वाकून मान बाहेर काढायला लागले.

“तिथं खिडकी न्हाई हो,” मामी चुलीपासून म्हणाली. थोड्या वेळानं तिनं ताटावर चमचा वाजवला आणि कंडक्टरसारखं येऊ द्या, येऊ द्या सुरू केलं. मामांनी तिला गप्प बसायला सांगितलं, पण मागं न बघता आणि न रागावता.

मी वहीत दोन रकाने आखले होते, डावा आणि उजवा. गाडी लागली तर कुठल्या बाजूनं लागली ते त्यात लिहायचं. मोजायला लागल्यावर पहिल्या तिन्ही वेळा लागली. मामांनी तळहात पँटला पुसले. मान वळवायचं त्यांनी सोडून दिलं आणि नजर आरशाच्या चित्रावर ठेवली. चौथी सरळ आत गेली. पाचवीही. दहा झाल्या तेव्हा सहा आत होत्या. माझं किती ते त्यांनी विचारलं, मी तीन सांगितलं.

मामांनी वहीकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं की दहा हा आकडा फार लहान आहे, त्यावरून काही ठरवता येत नाही. मला ते बोलताना बरं वाटलं नाही. पण मामांना ते अगदी रास्त वाटलं असावं. त्यांनी पुन्हा रिव्हर्स टाकला आणि आम्ही आणखी तीस घेतल्या. मधे एकदा लाईट गेली, दोनदा चहा झाला.

चाळीसपैकी एकतीस आत गेल्या. मामांनी मला रकाने वाचायला लावले.

“डावीकडं चार,” मी म्हटलं. “उजवीकडं पाच.”

“आन् स्टँडवर दोन्ही डावीकडं.”

“हो.”

त्यांनी हातातलं चाक फिरवून सरळ केलं. “मग डोळाच व्हता, हात न्हवता,” म्हणाले.

मी खरं तेच सांगायचं ठरवलं. म्हटलं, मामा, ही गेम आहे, बस नाही. आणि स्टँडवर तेव्हा फक्त दोनदाच लागली, दोनदा हाही लहानच आकडा.

“ते मला कळतंय की,” मामा म्हणाले. “सव्वीस वर्षं बसच चालवली न्हवं मी.”

त्यांच्या आवाजात नाराजी नव्हती. ते उठले, पाठ सरळ केली आणि फोन घेऊन दाराशी गेले. रेवणसिद्धप्पांशी ते कानडीत बोलत होते, मला थोडंथोडं कळलं. सोमवारपासून येतो म्हणाले. पोरं किती, सकाळी किती वाजता, ते विचारून घेतलं. मग एक अट घातली. शिकायला नवी गाडी द्यायची नाही, स्टेअरिंग जड असलेली जुनी द्यायची, हात त्यावरच बसतो. तिकडून बहुतेक नाही म्हणत असावेत, कारण मामा तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत तीन वेळा बोलले, आणि शेवटी जुनी गाडी मिळाली.