नदीत धुतलेली माती

१९६९ साली माझा थोरला भाऊ केपा मारला गेला. आमच्या डोंगरी खोऱ्यातल्या लाई नदीपलीकडच्या मिनाओचं डुक्कर आमच्या रताळ्यांत शिरलं, त्यावरून भांडण पेटलं आणि मिनाओने बाण सोडला.

आम्ही अंगभर पिवळट माती फासून रडायला बसलो. दुखवटा संपेपर्यंत ती कोणी धूत नाही. दुसऱ्या दिवशी आमचा काका प्याकेन केपाचं धनुष्य घेऊन आला आणि माझ्या धाकट्या भावापुढे, याकोपुढे धरलं. मेलेल्याचं धनुष्य सख्ख्या भावाने उचलायचं आणि पलीकडचा एक पाडायचा, हे आमच्यात सांगावं लागत नसे. पण याकोने वर्षभरापूर्वी बाप्तिस्मा घेतला होता.

"काका, मी नाही घेणार."

"का? हात लुळे पडले?"

"येशूला शब्द दिलाय. माणूस मारणार नाही."

"तुझा येशू केपाबरोबर शिकारीला गेला होता का कधी?" काका थुंकला. "धनुष्य घेतलं नाहीस, तर आपल्या कुळाच्या जमिनीत तुझं एक रताळं उगवणार नाही. नाहीतर असं कर, बहिणीची झोळी कपाळाला अडकव आणि बायकांत जाऊन बस."

पुरुष हसले. याको माझ्याकडे वळला. "ताई, तुझी झोळी दे."

"वेडा झालास का?"

"दे गं."

सकाळी खणलेली रताळी त्याने झोळीत भरली, बायका अडकवतात तसा पट्टा कपाळाला अडकवला आणि उतारावरून नदीकडे चालू लागला. मागून जायला कोणी धजावलं नाही. आम्ही शेताच्या कडेला उभे राहून बघत होतो.

पलीकडच्यांनीही त्याला पाहिलं. मातीने माखलेला, एकटा, हातात काही नाही, चेहरा हुबेहूब केपाचा. भरदिवसा असा येणारा जिवंत माणूस आमच्या खोऱ्यात कोणी पाहिला नव्हता. त्यांना वाटलं, केपाचं भूतच आलं. आयांनी पोरं घरात ओढली. मिनाओच्या हातातून धनुष्य गळून पडलं. त्याची म्हातारी आई पुढे येऊन म्हणाली, "केपा, बाबा, डुक्कर घे आमचं. पण लेकरांना हात लावू नकोस. जा परत."

खोरं अरुंद, शब्द न् शब्द इकडे ऐकू येत होता. याकोने नुसती पाठ फिरवली असती, तरी भुताच्या भीतीने पुढे कित्येक वर्षं आमच्या वाटेला कोणी गेलं नसतं. माझ्या शेजारी काका पुटपुटला, "बोलू नकोस पोरा. फीर मागे."

याको गुडघाभर पाण्यात थांबला. झोळी दगडावर ठेवली, खाली बसला आणि तोंड धुऊ लागला. मग छाती, मग दंड. पिवळं पाणी वाहत गेलं आणि आतून माझा काळाभोर, जिवंत भाऊ निघाला. मी मिशनमध्ये कितीतरी बाप्तिस्मे पाहिलेत. त्या दिवसासारखा एकही नाही.

"मी भूत नाही," तो म्हणाला. "केपाचा भाऊ याको. मिनाओ, मारायचं तर मार. मी मारायला आलो नाही. रताळी आणलीत."

मिनाओने धनुष्य उचललं, बाण लावला. याकोने झोळी पुन्हा कपाळाला अडकवली आणि काठ चढू लागला. दोरी ताणलेलीच होती. मग मिनाओचा बाण हळूहळू जमिनीकडे वळला. म्हातारी याकोजवळ गेली. शेतातून आलेल्या बाईचं ओझं दुसरी बाई उतरवते, तसा तिने त्याच्या कपाळावरचा पट्टा सोडवला.

"किती जड रे," ती म्हणाली.

काकाने शब्द खरा केला, याकोला जमीन दिली नाही. तो नदीकाठच्या पडीक तुकड्यावर राहिला, तिथेच त्याची मुलं झाली. काका त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. काका गेल्यावर त्याच्या घराच्या छपरात केपाचं धनुष्य मिळालं, दोरी काढून ठेवलेलं. मिनाओने कधी बाप्तिस्मा घेतला नाही, पण याकोची कबर खणायला तोच पहिला आला. केपा गेला त्याच्या पुढल्या वर्षी मीही बाप्तिस्म्यासाठी त्याच नदीत उतरले. मिनाओच्या म्हातारीने माझी झोळी मरेपर्यंत वापरली. मी परत मागितली नाही.