सोबतीला आलेली

दारात येताच घड्याळजींचे पाय जमिनीला चिकटले. मागे माणसं खोळंबली. बायकोने आपलं पाऊल त्यांच्या चपलेपुढे आडवं ठेवलं. सपाट जमिनीवर न हलणारा पाय अडथळा दिसला की उचलला जातो, ही कंपवाताची गंमत. ते पाऊल ओलांडून घड्याळजी आत आले.

"वा, काकू!" योगवर्गाच्या बाई आतून म्हणाल्या.

वा, काकू! पाऊल ओलांडलं कुणी?

वर्ग खरं तर कंपवाताच्या रुग्णांचा. सोबत आलेली माणसं पहिले काही दिवस भिंतीकडेला बाकावर बसून जांभया देत असत. मग बाई म्हणाल्या, रिकामं कशाला बसायचं, उठा तुम्हीही. तिथेच घोटाळा झाला. घरात खुर्चीतून उठताना "आई गं" करणारी बायको बघता बघता सगळं शिकली. आता नवं आसन दाखवायचं झालं की बाई तिलाच पुढे बोलावत.

घड्याळजींच्या पोटात दुखायचं. उभं आयुष्य त्यांनी दुकानात बसून घड्याळांत चिमट्याने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या, आणि गिऱ्हाइकं काउंटरपलीकडून श्वास रोखून त्यांचे हात बघत राहायची. आता तेच हात शर्टाच्या बटणाशी हुज्जत घालत, आणि लोक बघत होते ते हिला. आजार ह्यांचा, गोळ्या ह्यांना, कौतुक मात्र हिचं. आयत्या बिळावर नागोबा! बरं, चेहऱ्यावर काही उमटायचीही सोय नव्हती; आजाराने चेहरा लाकडी करून टाकला होता. आत जळफळाट चाललेला असताना लोक म्हणायचे, काका किती शांत असतात.

वर्गाची एक रीत होती. सुरुवातीला बाई एकेका रुग्णाला विचारत, "या आठवड्यात काय सोपं झालं?" कुणी सांगे, चहा न सांडता प्यायलो. कुणी सांगे, बिछान्यात एकटीने कूस बदलली. सगळे टाळ्या वाजवत. सोबतीच्या माणसांना कुणी विचारत नसे. त्यांनी टाळ्या वाजवायच्या. घड्याळजींचं उत्तर ठरलेलं होतं, "काही नाही."

त्या दिवशी वृक्षासन होतं. रुग्ण खुर्चीची पाठ धरून, आणि बायको पुढे, एका पायावर, कशालाही न धरता.

"घड्याळजी, नशीबवान आहात," शेजारचे मास्तर म्हणाले. "गुरू घरातच!"

सगळे हसले. घड्याळजींनी पाय खाली टेकला आणि पुन्हा उचललाच नाही.

घरी पोचल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वेळेपासून नको."

"काय नको?"

"वर्ग. मला काडीचा फरक नाही."

शब्दाला शब्द देणारी बायको एरवी भांडली असती. घड्याळजींनी उत्तरंही तयार ठेवली होती.

"बरं," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच तर जातो आपण."

तिने दोन्ही चटया गुंडाळून कपाटावर टाकल्या. उत्तरं घड्याळजींच्या तोंडातच राहिली.

पुढच्या वर्गाच्या दिवशी सकाळी ते चहासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. गॅसवर दूध होतं. बायको त्यांच्याकडे पाठ करून एका पायावर उभी होती, दुसरा तळवा मांडीला टेकवून, हात डोक्यावर जोडून. वा म्हणायला तिथे कुणी नव्हतं. दूध वर आलं, तसा तिने एक हात खाली आणून गॅस बंद केला. पाय जराही हलला नाही.

मग तिला चाहूल लागली. तिने झटकन पाय खाली घेतला आणि चोरी पकडली गेल्यासारखी ती ओटा पुसू लागली. ओटा स्वच्छच होता.

"आलात? होतोय चहा."

घड्याळजींचा जळफळाट तर झालाच. एका पायावर, आणि वर दूधही उतू जाऊ दिलं नाही! पण त्याहून जास्त त्यांच्या मनाला लागलं ते तिचं ओटा पुसणं. वर्गाच्या दारातून आत जायला हिच्याकडे त्यांच्या आजाराशिवाय दुसरं निमित्त नव्हतं, आणि ते निमित्त त्यांनी कपाटावर टाकायला लावलं होतं.

"चटया काढ," ते म्हणाले.

"तुम्हाला फरक नाही ना?"

"नाहीच. तू काढ."

वर्गात पाळी फिरत फिरत त्यांच्याकडे आली.

"काका, काय सोपं झालं?"

"काही नाही."

बाई पुढे सरकल्या.

"थांबा," घड्याळजी म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण बाईंना ऐकू आला. "पाळी माझी आहे ना? मग हिला विचारा."

भिंतीकडेची सोबतीची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मला काय विचारायचंय?" बायको गडबडली. "मी कुठे आजारी आहे? मी आपली सोबतीला."

"विचारा," घड्याळजी पुन्हा म्हणाले.

ती चटईची कड चाचपत राहिली.

"झोप लागते," अखेर ती म्हणाली. "हे रात्री उठतात. पडले तर, म्हणून मी जागीच असायची. नुसती डोळे मिटून. यांचा आजार कळला तेव्हापासून. इथे यायला लागल्यापासून लागते झोप."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. तिची झोप मोडू नये म्हणून रात्री ते दिवा न लावता, भिंत धरून, चोरपावलांनी जात असत.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

"घोरतेसुद्धा," घड्याळजी म्हणाले.

हास्याचा स्फोट झाला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो!" म्हणत बायको लाल झाली. पुष्कळ दिवसांनी हे हसू घड्याळजींच्या वाट्याचं होतं, आणि लाकडी चेहऱ्याने त्यांनी ते पुरेपूर भोगलं.

"चला, उभे राहा सगळे," बाई म्हणाल्या. "काकू, या पुढे."

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पुढे जाऊन पाय उचलला, हात वर नेले. आणि लगेच डुलली. पाय खाली आला. वर्ग हळहळला.

घड्याळजींनी मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"खोटं नको," ते म्हणाले. "सकाळी दुधासमोर उभी होतीस, तशी उभी राहा."