सोमवारची साखर

या, असे जवळ सरका. बुवांचं कीर्तन उभं राहायला अजून वेळ आहे, तोवर एक कथा सांगते. पुराणातली नव्हे, आमच्याच वाडीतली. आणि आधीच सांगून ठेवते, हिच्या शेवटाला देव धावून येत नाही.

जानकी ही धनेशची बायको. धनेश मासेमारीच्या लाँचवर जातो. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर जानकीला दिवस गेले. तिचा सोमवारचा उपास अगदी कडक. दिवसभर अन्न नाही, संध्याकाळी रामेश्वराची आरती झाली की मग सोडायचा. पोर रामेश्वरानंच दिलं, असं ती आणि तिची सासू सावित्रीकाकी मानायच्या. मीही मानायचे.

सहाव्या महिन्यात कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणातला मधुमेह सांगितला. "रक्तात साखर वाढलेली राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. त्या ताठर होतात, आवळतात. आईचा रक्तदाब चढतो, वारेतून बाळाला रक्त पुरत नाही. आणि यात काही दुखत नाही, म्हणून कळतही नाही." रोज इन्सुलिन टोचायचं, गोड बंद, आणि दर आठवड्याला गावच्या उपकेंद्रात जेवणानंतर साखर तपासायची.

तपासणीचा वार नेमका सोमवार.

सिस्टर रश्मीनं बोट टोचण्याआधी विचारलं, "जेवून दोन तास झाले ना?"

जानकी सासूकडे बघायला लागली. काकी म्हणाली, "झाले गो बाय! देवाचा तीर्थ घेतल्यान, म्हणजे जेवलीच ती."

"काकी, थट्टा नको हं."

"थट्टा कसली? जेवली म्हणान लिही तू."

उपास सांगितला तर तो मोडायला लावतील, ही काकीची भीती. साखर चांगली आली. पुढच्या सोमवारीही चांगलीच. काकीनं देवळात नारळ फोडला. "बघलंस? आता इन्सुलिनच्यो सुयो कित्याक व्हयेत? देवान साखर उतरवल्यान!"

इन्सुलिन फ्रीजमध्ये मागे सरकलं. वाडीतून गुळाचा खाजा यायचा, नारळाच्या वड्या यायच्या, पायसाची वाटी यायची. दोन जिवांची म्हणून काकी मायेनं भरवायची, आणि जानकी खायची. कुणाच्या मनात पाप होतं सांगा?

मग पाय सुजले. जोडवी बोटांत रुतली, ती साबण लावून काढावी लागली. काकी हसली, "जड झालंस तू. झील आसतलो!" मुलगाच होणार, ही तिची खात्री. डोकं ठणकायला लागलं. एकदा आरतीला उभी असताना जानकीला एका ज्योतीच्या दोन दिसल्या, आणि ती खालीच बसली.

कणकवलीला नेलं. दाब भयंकर चढलेला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, परत फिरवलं. बाळाचा ठोका लागेना.

"सोमवारी जेवून जायची ना ही?"

काकीनं तेव्हा उपासाचं सांगितलं.

"उपाशी पोटी साखर उतरलेली दिसणारच, आजी. बाकीचे दिवस ती आत आपलं काम करत होती."

मुलगी झाली, निपचित. नाकीडोळी थेट जानकी. धनेश समुद्रावरून पोचला तेव्हा लेक मातीत गेली होती.

जानकी घरी आली, पण दाब काही उतरला नाही. मूत्रपिंडाला इजा झालीय. पुन्हा मुलाचा विचार करू नका, असं डॉक्टरीणबाईंनी धनेशला बाजूला घेऊन सांगितलं. वाडीत बाजूला सांगितलेलं कुठं बाजूला राहतं?

काकी खाटेपाशी बसून म्हणाली, "देवान दिल्यान, देवान नेल्यान."

"आये, देवाक मधी हाडू नको," जानकी म्हणाली. "तेना उपास मागूक नाय, काय्येक मागूक नाय."

अजूनही त्या घरात दोघी फारशा बोलत नाहीत.

मी रामेश्वराला विचारते, त्यांच्या भक्तीत काय उणं होतं? तो काही सांगत नाही. तरी मी जाते. जायला दुसरं दार माहीत नाही.

बारसं न झालेल्या पोराचं आमच्याकडे कुणी नावही काढत नाही. नावच नाही, तर काढणार काय? तेवढं तुम्ही करा. नामाच्या गजरात हात जोडाल, तेव्हा क्षणभर जानकीच्या लेकीची आठवण ठेवा.