‘पल्याड’मधली ती एक ओळ

दादांच्या घरी रोज सकाळी दहा वाजता त्यांच्या नव्या गाण्यांवरची लोकांची मतं वाचली जायची. चहा झालेला असायचा, वहिनींनी कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या, आणि दादा खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायचे, न्हाव्यापुढे बसावं तसे. वाचायचं काम नानांचं. नाना म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. दोन वर्षांपूर्वी दादांच्या नजरेचा मधला भागच गेला होता. माणूस आला-गेला कळे, पण अक्षरं म्हणजे नुसती मुंग्यांची रांग.

“आधी कडू,” दादा म्हणायचे. “गोड मागून. उठताना तोंडाला चव राहिली पाहिजे.”

मग नाना कडू वाचायचे. कुणी लिहिलेलं असे, ‘गिटार फार, काळीज कमी.’ कुणी, ‘सातवं गाणं कशासाठी घातलंय देव जाणे, चहा टाकायला बरं पडतं.’ दादा खो खो हसायचे. “खरंय रे त्याचं. सातवं भरतीचंच आहे.” टीका पचवण्यात दादांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अकरा वर्षं गप्प बसल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी दादांनी नवा अल्बम काढला होता. ठेका रॉकचा, चाली साध्या, पण आवाजात असं काही की ऐकणाऱ्यानं हातातलं काम थांबवावं. सहा आठवड्यांत तो घरोघर वाजू लागला होता. फोनवर शेकड्यांनी मतं यायची, आणि जुन्या वळणाची माणसं अजून पत्रं पाठवायची. एका ट्रकवाल्यानं लिहिलं होतं, ‘घाट चढताना हेच लावतो, गाडीला बळ येतं.’ दात काढणाऱ्या एका डॉक्टरनं लिहिलं होतं, ‘पेशंट किंचाळायचे थांबलेत.’ कॉलेजातल्या कुणा मुलीनं इतकंच लिहिलं होतं, ‘आजोबांनी फोडलंय!’ ते दादांनी तीनदा वाचून घेतलं होतं.

पण दहातली आठ मतं फिरून फिरून एकाच जागी यायची. पाचवं गाणं, ‘पल्याड’. त्यातही शेवटच्या कडव्यातली एक ओळ: ‘पल्याड कुणी आहे का?’ तिथे बाकी सगळी वाद्यं थांबतात आणि आवाज एकटाच वर चढतो, चढतच जातो, तुटेल तुटेल वाटतं आणि तुटत नाही. ‘या वयात हा सूर! त्या जागी मी गाडी बाजूला घेतली.’ ‘बाबा गेल्यापासून रडले नव्हते, त्या ओळीला रडले.’

असं काही आलं की दादांचा चेहरा उजळायचा आणि नाना पुढचं मत उचलायची घाई करायचे. कारण ती ओळ दादांनी गायलीच नव्हती. ती नानांनी गायली होती.

झालं होतं असं. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादांनी त्या ओळीचे बारा टेक दिले. बाराही वेळा सूर वर जाऊन फाटला. संध्याकाळी दादा तापानं फणफणून घरी गेले. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं नानांना थांबवून घेतलं. “नाना, तुम्ही नुसती खूण म्हणून गाऊन ठेवा. दादा बरे झाले की त्यांच्याकडून घेऊ.” नाना अडतीस वर्षं दादांच्या मागे उभे राहून साथ देत आले होते. दादांचा श्वास कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे त्यांना स्वतःच्या श्वासापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले, दादा व्हायचं ठरवलं आणि एका दमात गाऊन टाकलं. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टनं दुसरा टेक मागितलाच नाही.

दादांचा ताप लांबला, अल्बमची तारीख लांबली नाही. तयार गाणं दादांनी घरी ऐकलं तेव्हा नाना शेजारीच होते. ती ओळ आली. दादांनी मान हलवली आणि म्हणाले, “बघ, बाराव्या टेकला जमलंच की नाही?”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नानांनी तोंड उघडलंसुद्धा. पण आजारातून उठलेला तो माणूस इतक्या दिवसांनी हसत होता. नाना म्हणाले, “जमलं.”

एवढा एक शब्द. त्यानंतर रोज सकाळी दहाला नाना त्याच शब्दाचं व्याज फेडत होते. आपलीच स्तुती आपल्याच तोंडानं वाचायची आणि समोरच्याच्या पदरात घालायची. आनंद म्हणावा तर दाखवता येत नाही, दुःख म्हणावं तर सांगायचं कुणाला? नाना राहायचेही दादांच्याच घरात, जिन्याखालच्या खोलीत. लग्न राहून गेलं होतं. सकाळी दार उघडलं की समोर दादांची खोली, रात्री दार लावलं की भिंतीपलीकडे दादांचा खोकला. पळून जायचं म्हटलं तरी कुठे आणि काय म्हणून?

त्यात दादांनी कार्यक्रम ठरवला. मोठा हॉल, पूर्ण वाद्यवृंद, आणि शेवटचं गाणं ‘पल्याड’. तिकिटं चार दिवसांत संपली. नानांची झोप उडाली.

आणि मग ते पत्र आलं.

निळ्या शाईतलं, ठळक, गोल अक्षर. वरवर तक्रारीचं वाटलं म्हणून नानांनी ते कडू मतांच्या गठ्ठ्यात घातलं होतं, आधी वाचून न पाहता. ते मोठ्यानं वाचू लागले: “‘मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होते. माणसं मी चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखत आले. तुमचा अल्बम चांगला आहे. पण पाचव्या गाण्यातली शेवटची वरची ओळ...’”

नाना थांबले.

“काय झालं?” दादा म्हणाले.

“अक्षर लागत नाही.”

“तुला? सरकारी कचेरीत वीस वर्षं लोकांची अक्षरं टाइप केलीस तू. वाच.”

फोन आलाय म्हणून उठावं, खोकल्याची उबळ काढावी, काय काय नानांच्या मनात येऊन गेलं. पण स्वयंपाकघराच्या दारात वहिनीही येऊन उभ्या राहिल्या होत्या. नानांनी वाचलं. “‘...ती ओळ तुमची नाही. तुमच्या जुन्या गाण्यांत जो मागून गातो, त्याची आहे. तो सूर लावायच्या आधी नाकातून बारीक श्वास घेतो, तुम्ही तोंडातून घेता. ती ओळ फार सुंदर आहे. ज्याची आहे त्याचं नाव कव्हरवर असायला हवं होतं.’”

खिडकीबाहेर कुणीतरी शिडी ओढत नेत होतं.

“खरं आहे?” दादांनी विचारलं.

“तुला ताप होता, दादा. खूण म्हणून गायलो होतो. मग तेच राहिलं.”

“आणि मी म्हणालो जमलं, तेव्हा तू पण म्हणालास जमलं.”

“हो.”

दादा भिंत चाचपत आपल्या खोलीत गेले. दोन दिवस ताट आत जायचं आणि अर्धं बाहेर यायचं. वहिनी नानांना एकदाच म्हणाल्या, “भावजी, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाळीस वर्षं संसार केलाय त्या आवाजाशी. पण कोण बोलणार?” म्हणजे घरात गप्प बसणारे दोघं होते आणि दोघंही एकमेकांना चुकवत फिरत होते.

तिसऱ्या दिवशी दहाला दादा खुर्चीत येऊन बसले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. “कागद घे,” म्हणाले. “त्या बाईंना उत्तर लिहायचंय.”

नानांनी कागद घेतला.

“‘तुमच्या पत्राबद्दल आभार. आपली समजूत चुकीची आहे. संपूर्ण गाणं मीच गायलं आहे.’ लिहिलंस?”

नानांचं पेन थांबलं होतं. “दादा, असं कशाला? कार्यक्रमात सांगून टाकू. दोघांनी गायलं म्हणू. लोक हसतील, टाळ्या वाजवतील. तुझं काय कमी होणार आहे?”

“तुला कळत नाही,” दादा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “एक ओळ तुझी निघाली ना, की लोक मागची सगळी गाणी काढतील आणि मोजत बसतील. ही कुणाची, ती कुणाची. मी स्वतःच मोजतोय रे दोन दिवस. अडतीस वर्षांत कुठे कुठे तू मला उचललंस, तेच आठवतोय. माझं म्हणून काय उरलं ते मलाच सांगता येईना.” मग ते म्हणाले, “लिही. आणि कार्यक्रमात तू तुझ्या जागेवर उभा राहा. ओळ आली की गा.”

‘नाही’ हा शब्द नानांच्या जिभेवर होता. पण समोर बसलेला माणूस त्यांना गायक दिसेना. लहानपणी पुराच्या पाण्यातून त्यांना खांद्यावर घेऊन आलेला भाऊ दिसत होता, आणि आता तोच छातीभर पाण्यात उभा होता. नानांनी लिहिलं. ‘संपूर्ण गाणं मीच गायलं आहे.’ आपल्या हातानं, आपल्या वळणदार अक्षरात. खाली दादांनी अंदाजानं सही केली. पत्र टाकायलाही नानाच गेले. पेटीच्या तोंडात पाकीट धरून ते इतका वेळ उभे राहिले की मागच्या माणसानं विचारलं, “अडकलं का?”

“नाही,” नाना म्हणाले आणि पाकीट सोडून दिलं.

कार्यक्रमाला हॉल खचाखच भरला होता. दादा रंगात होते. सातव्या गाण्याच्या आधी त्यांनी “हे चहा टाकायला” म्हणून सांगितलं आणि लोक पोट धरून हसले. शेवटी ‘पल्याड’ सुरू झालं. ड्रम थांबले, गिटार थांबली. दादांनी माइक तोंडापासून वीतभर दूर नेला. नानांनी नाकातून श्वास घेतला आणि गायले.

गाताना त्यांना एक गोष्ट कळली, जी त्या हॉलात दुसऱ्या कुणालाच कळणं शक्य नव्हतं. दादा नुसते ओठ हलवत नव्हते. तेही गात होते. माइकपासून दूर, पण जीव तोडून. त्यांचा सूर वर जाऊन फाटत होता, आणि फाटतानाही सोडत नव्हता. अडतीस वर्षांत नानांनी दादांचं इतकं खरं गाणं ऐकलं नव्हतं. लोकांना आपण खोटं ऐकवतोय आणि खरं झाकतोय, असं त्यांच्या मनात आलं. लोक कदाचित यालाही रडले असते. पण आता सूर मध्येच सोडणंही शक्य नव्हतं. नानांनी तो शेवटपर्यंत नेला. हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. दादांनी वाकून नमस्कार केला आणि वळून मागे पाहिलं नाही. घरी येताना गाडीत वहिनी मध्ये बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मतांचा पूर आला. ‘या वयात जमेल का म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.’ ‘प्रत्यक्षातही तोच सूर, डोळ्यांदेखत!’ नाना वाचत राहिले, दादा ऐकत राहिले. पण आता चेहरा उजळायचा नाही. दोन-चार मतं झाली की दादा म्हणायचे, “पुरे आज.” कडू आधी की गोड आधी, हेही ते विचारेनासे झाले.

आठवड्यानं निळ्या शाईतलं पाकीट आलं. या वेळी वर दादांचं नाव नव्हतं. लिहिलं होतं, ‘मागे उभे राहून गाणाऱ्यांना’. अडतीस वर्षांत नानांना आलेलं ते पहिलंच पत्र. त्यांनी ते खुर्चीत बसूनच फोडलं, दादा समोर असताना.

‘तुमच्या दादांचं उत्तर मिळालं,’ ऑपरेटरबाईंनी लिहिलं होतं. ‘ते वाचून मी चार रात्री झोपले नाही. आता कानही गेले असं वाटलं. म्हणून अगदी कडेचं तिकीट काढून आले, जिथून तुम्ही दिसता. पुढे कोण काय करतंय ते मी पाहिलंच नाही. तुमच्याकडे पाहत होते. माझे कान शाबूत आहेत. हे मी कुणाला सांगणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न आहे. फक्त तुम्हाला सांगावंसं वाटलं की ऐकू आलं.’

नानांनी पत्र दोनदा वाचलं, मनातल्या मनात. अक्षरं पुसट दिसू लागली तेव्हा चष्मा काढून पुसला.

“कुणाचं आहे?” दादांनी विचारलं. “मोठ्यानं वाच ना.”

“हे तुझं नाही, दादा,” नाना म्हणाले. “माझं आहे.”

दादांनी मान त्यांच्याकडे वळवली. ज्या डोळ्यांना मधलं काही दिसत नव्हतं ते नानांच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कानापाशी स्थिरावले. नानांनी पत्राची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. गठ्ठ्यात अजून चाळीसेक मतं होती. त्यांनी वरचं उचललं.

“वाचू?”

“वाच,” दादा म्हणाले. थोड्या वेळानं, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “हळू वाच. घसा जपून.”