सत्तेचाळीस नंबरचा दगड

शुभाचं चातुर्मासाचं व्रत साधं होतं. सकाळची पूजा संपेपर्यंत मौन, तोंडात फक्त मंत्र आणि आरती. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरात सकाळी तिच्याशी बोलायला तशीही कोणाला सवड नसे, त्यामुळे सात वर्षं ते निर्विघ्न चाललं होतं. त्या मंगळवारी मात्र तिची कसोटी लागली.

कारण देव्हाऱ्यातला नवा पाहुणा. दोघं जपानहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी संग्रामने मुठीएवढा काळा दगड आणून गणपतीशेजारी ठेवला होता. तिकडच्या किल्ल्याची आठवण, म्हणाला. पुण्यात कॉलेजात असल्यापासून गडावर गेला की माती कपाळाला लावायची आणि एक खडा खिशात टाकायचा, ही नवऱ्याची जुनी खोड. असेल वाटेत पडलेला, असं समजून शुभाही रोज त्यावर पाणी घालून गंध लावू लागली.

किल्ला तरी काय होता? डोंगराच्या अंगाला नुसत्या दगडी भिंती, वर ना वाडा ना छप्पर. भूकंपात एक कोपरा ढासळला होता आणि ते दगड पायथ्याच्या मैदानात ओळीने मांडले होते. ऐंशीच्या घरातले एक आजोबा, गावचे हौशी वाटाडे, हातवारे करून दाखवत होते. हा दगड, हा आकडा, ही भिंतीतली जागा. शुभाला कळलं. संग्रामला मात्र त्यांनाच राजगड समजावून सांगायचा होता. राजगडासारखा चोरदरवाजा इथे कुठे, पाण्याची टाकी कुठे, असं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत विचारत त्याने म्हाताऱ्याला दोन तास चढउतार करायला लावलं. शुभाची त्या दिवशी एकादशी. ती कंटाळून एकटीच गावात उतरली. कालव्याकाठच्या लाकडी दुकानांच्या रांगेत एका बाईकडे भाजलेलं रताळं मिळालं, म्हणून तरली.

तर मंगळवारी तिने तो दगड ताम्हनात पहिल्यांदाच उलटा केला आणि साचलेलं गंध चोळून काढलं. खालच्या अंगाला पांढऱ्या रंगात एक जपानी अक्षर होतं आणि पुढे बारीक आकडा, सत्तेचाळीस.

तिच्या तोंडून शब्द फुटणार होता, तो तिने गिळला. घंटा मात्र अशी वाजवली की पलीकडच्या खोलीत मीटिंगमध्ये असलेल्या लेकीने, अनिकाने, कानातले हेडफोन काढले. आरती झाली, नैवेद्य झाला, डोळे मिटून नमस्कार झाला. एकही ओळ तिने गाळली नाही.

"अहो, जरा इकडे या. हा कुठून उचललात?"

"त्या मैदानातून. शेकड्यांनी पडले होते गं."

"पडले नव्हते. मांडले होते."

अनिकाने दगड हातात घेऊन फिरवला. "बाबा, धिस इज लिटरली स्टीलिंग."

"चोरी कसली? रोज पूजा होतेय त्याची. तिकडे कोण करणार होतं?"

"म्हणजे चोरीचा माल देवाच्या मांडीवर ठेवलात," शुभा म्हणाली, "आणि गंध माझ्या हातून लावून घेतलंत." आवाज जराही चढला नव्हता. संग्रामने चहाचा कप खाली ठेवला.

मग त्याला तोडगा सुचला. एप्रिलमध्ये आपण स्वतःच जाऊन देऊन येऊ, शेजारचा दुसरा किल्लाही राहिलाच आहे. शुभा खोकं आणायला उठली. तिच्या डोळ्यांपुढे ते आजोबा यादी घेऊन मैदानात उभे होते. सेहेचाळीस, मग अठ्ठेचाळीस, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिने खोकं आणलं आणि संग्रामला कागद दिला.

त्याने दीड पान लिहिलं. त्यातलं एक पान सह्याद्रीच्या बांधकामावर. तिने ते वाचून घडी घातली आणि नवा कागद पुढे सरकवला.

"माफी मागा. सही करा. गडांचं काही नको."

"निदान राजगडाची एक ओळ?"

"नको."

दोन ओळींचं पत्र झालं. अनिकाने फोनवरून जपानी करून दिलं आणि त्या गावच्या पर्यटन कचेरीचा पत्ताही शोधला. पण देव्हाऱ्यात बसवलेल्याला असं तडक खोक्यात कोंबवेना. शुभाने दगडावर अक्षता वाहिल्या, हळदकुंकू वाहिलं, उत्तरपूजेचे शब्द पुटपुटली. शेवटी "पुनरागमनाय च", म्हणजे पुन्हा या, असं म्हणायचं, तिथे ती थांबली. जन्मात प्रथमच तिने ते गाळलं.

"आता जा बाबा घरी," ती म्हणाली, आणि खोक्याला तीनदा टेप गुंडाळली. संग्राम गाडीची किल्ली शोधत होता. ती शुभाच्याच हातात होती.