मयूरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे, पण माझ्यावरून आजवर कुणालाच फोन लागलेला नाही. मी डमी आहे. कडा खऱ्या ॲल्युमिनियमच्या, पाठ खऱ्या काचेची, पडद्याच्या जागी छापील चित्र आणि पोटात वजनासाठी लोखंडाची पट्टी.

नाशिकला कॉलेज रोडवर कुंदनशेठच्या मोबाइलच्या दुकानात मी दर्शनी भागात उभा असे. लोक मला तळहातावर तोलत, पाठीवरून बोट फिरवत आणि खूश होत. मग दसऱ्याच्या तोंडावर नवं मॉडेल आलं, टायटॅनियमच्या कडांचं. त्याची डमी माझ्या जागी बसली आणि मी भंगाराच्या खोक्यात गेलो.

दुकान झाडणाऱ्या भागीबाईंनी मला उचललं.

"शेठ, हा नेऊ का?"

"न्या मावशी. पण आत काही नाही हं त्याच्यात."

"म्हाईत हाय."

भागीबाई मूळच्या हरसूलकडच्या. सातपूरच्या एका खोलीत त्या आणि त्यांचे मालक रावजी राहत. त्यांचा एकुलता मुलगा मयूर बांधकामावर परांचीवरून पडून गेला. रावजींच्या मनाने ते स्वीकारलंच नाही. दारात बसून ते सारखे विचारत, "मयूरचा फोन आला का?"

भागीबाईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं. रावजींनी मला कानाला लावलं. "जेवला का रं, मयूर?" मग ते कान देऊन ऐकू लागले. थोड्या वेळाने "हं, हं" करत राहिले आणि हसले. माझ्यात आवाज नाही, मित्रांनो. तरी ते ऐकत असत तेवढा वेळ मलाच धास्ती वाटे, की खरंच कुणी बोलतंय की काय.

पुढच्या दसऱ्याला टायटॅनियमवालाही जुना झाला. भागीबाईंनी तोही घरी आणला. रावजींनी तो कानाला लावला आणि लगेच परत दिला. "ह्याच्यात पोरगा बोलत नाय."

गेल्या थंडीत रावजी गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. भागीबाईंनी मला पदराने पुसलं. पेटीत ठेवता ठेवता त्या थांबल्या आणि त्यांनी मला कानाशी नेलं.

"पोहोचले का तिकडं?"

बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बरं."

मित्रांनो, मला कुणी जपलं नाही तरी चालेल. पण तुमच्या हातातल्या फोनवर खराखुरा आवाज येतो. त्या आवाजासाठी कुणी दारात बसलं असेल, तर नव्या मॉडेलची वाट पाहू नका. आहे त्याच फोनवरून आज त्यांना विचारा, जेवलात का?