टिटवी नाचत नव्हती

त्या पहाटे तळ्याकाठी सरांच्या पदरात काय काय पडायचे होते, ते आधी मोजून घेऊ. निसर्गचित्रांच्या स्पर्धेतले पहिले बक्षीस, वर्तमानपत्रात फोटोखाली नाव, आणि ते वाचून पुढच्या वर्गाला दुप्पट गर्दी. माझ्या पदरात काय पडले? पायाला एक पिवळा डाग. मित्रांनो, तो आठवला की मला अजून शिसारी येते.

मी एक जुना लाकडी स्टँड आहे. हल्लीचे लोक मला ट्रायपॉड म्हणतात. तीन पाय, पितळी स्क्रू, टोकांना लोखंडी खिळे. एका सुताराने मला उजेडमामांसाठी घडवले. मामांचा गल्लीत फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर ते ओळखपत्रांचे चेहरे काढत आणि "हनुवटी वर, डोळे मिटू नका" म्हणत. सुट्टीच्या दिवशी मात्र मला खांद्यावर टाकून डोंगर नाहीतर तळे गाठत.

पोचल्यावर अर्धा तास कॅमेरा पिशवीतच. मामा नुसते बघत बसायचे. ऊन कुठून येणार, पाण्याची रेघ सरळ आहे का, जवळ एखादा दगड किंवा गवताचा तुरा आहे का. जवळचे काही दिसले, तरच लांबचा डोंगर किती लांब ते फोटोत कळते. जागा ठरली की माझा एकेक पाय टेकवायचे. पण त्याआधी गुडघ्यावर बसून तिथे तळहात फिरवायचे. आधी हात, मग पाय. त्यात कधी खंड नाही.

मामी हसायच्या. "जमिनीला ताप आलाय का, नाडी बघताय ती?"

"इथे राहणाऱ्यांना विचारून घेतो गं. आपण पाहुणे."

उजेड नीट पडला नाही, तर मामा फोटो न काढता परतायचे. "आज नाही दिला, उद्या देईल. त्याला कुठे गाडी पकडायची आहे!" म्हणूनच त्यांचे नाव उजेडमामा पडले.

पुढे मामांचे गुडघे गेले. ते स्टुडिओमागच्या खोलीत खुर्चीला खिळले आणि मी त्यांच्या भाच्याच्या हाती गेलो. भाचा म्हणजेच आमचे सर. निसर्गचित्रे कशी काढावीत याचा वर्ग ते घेत. त्यांच्या टिपा वाईट नव्हत्या. सगळ्या मामांच्याच होत्या. फक्त तळहाताची टीप त्यांनी गाळली होती, कारण तिला वेळ लागतो.

बाकी काय सांगू! फांदी आड आली की मोड फांदी. बदके उडत नसली की मार दगड. एकदा रानफुलांचा ताटवा टिपला आणि निघताना बुटांनी तुडवून टाकला. का, तर तोच फोटो दुसऱ्या कुणाला मिळू नये. त्या बुटांशेजारी उभे राहायची मला लाज वाटली. पण लाकडाला पळता येत नाही.

तर त्या पहाटे सर अकरा जणांना घेऊन तळ्यावर गेले. काठावर खडेच खडे. "कॅमेरा खाली घ्या, खडे पुढे येऊ देत," म्हणत सरांनी माझे पाय फाकवले आणि दाबले. माझ्या डाव्या पायाखाली काहीतरी फुटले. खडा असा फुटत नाही. ओले, कोमट काहीतरी खिळ्यावरून वर आले.

त्याच क्षणी एक टिटवी ओरडत आली. समोरच एक पंख जमिनीवर पसरून ती फरफटत चालू लागली.

"अरे, नाचतेय! काढा, काढा!" सर ओरडले. कॅमेरे खटखटू लागले.

वर्गात पोस्टात काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी खाली पाहिले. "अहो सर, स्टँडखाली अंडं फुटलंय. अजून तीन आहेत. उचला तो आधी!"

सरांनीही खाली पाहिले. हे मी शपथेवर सांगतो, त्यांनी पाहिले.

"दोन मिनिटं, बाई. उजेड गेला की परत येत नाही."

"आणि ती?"

"ती कुठे जातेय? बघा तरी, काय पोज देतेय!"

बाईंनी कॅमेरा पिशवीत घातला आणि मला उचलायला हात लावला. सरांनी तो बाजूला सारला. दोन मिनिटांचा दीड तास झाला. वाऱ्यात ती तीन अंडी उघडी पडली होती आणि टिटवी ओरडून ओरडून थकून लांब बसली होती. आम्ही निघालो तेव्हा ती परतली, अंड्यांभोवती फिरली, पण त्यांवर बसली नाही.

फोटोला पहिले बक्षीस मिळाले. नाव दिले होते 'स्वागतनृत्य'. सर चौकट घेऊन मामांकडे आले.

"काय नाचलीय ना, मामा?"

मामांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. "नाचत नाहीये रे. लंगडतेय. खोटं खोटं. मी जखमी आहे, मला पकडा, पण तिकडे जाऊ नका, असं सांगतेय." मग त्यांनी मला जवळ ओढले. "म्हणजे अंडी तिथेच होती, आणि तू हात न फिरवता हा रोवलास. कुठल्या पायाखाली फुटलं?"

सर चौकट कागदात गुंडाळू लागले. डाग मामांनाच सापडला. त्यांनी फडके ओले करून माझा पाय पुसला, वाळलेले निघेपर्यंत पुसला, आणि म्हणाले, "हा स्टँड आता माझ्याकडेच राहील."

आता माझ्यावर मामांचा टॉवेल वाळत असतो. मला तेच बरे वाटते. मित्रांनो, सुंदर जागी जाल तेव्हा फोटो जरूर काढा. पण पाय टेकण्याआधी तिथे हात फिरवा. हात फिरवायला सवड नसेल, तर कॅमेरा घरीच ठेवा.

शेवटचा हिशेब असा. सरांना बक्षीस. वर्गातल्या दहा जणांना नाचऱ्या टिटवीचा एकेक फोटो. पोस्टातल्या बाईंचा कॅमेरा रिकामा. आणि ज्यांच्या जिवावर हे सारे झाले, ती चार अंडी: एक माझ्या पायाखाली, तीन वाऱ्यात.